नमनाला घडाभर तेल : डीबग बिल्ड का रखडतो आणि त्यावर काय करता येतं

रिलीज बिल्डमध्ये (प्रोग्रॅमच्या वापरायला द्यायच्या रूपात) पापणी लवायच्या आत संपणारं काम डीबग बिल्डमध्ये (चुका शोधायच्या रूपात) चहा पिऊन आलो तरी चालूच असतं. वागळे इस्टेट असो, ऐरोली असो की महापे, सी++ किंवा रस्टवर काम करणाऱ्या कुठल्याही टीमला हे नवं नाही. मग लोक कंटाळून डीबगर (प्रोग्रॅम ओळीओळीला थांबवून पाहण्याचं साधन) बाजूला ठेवतात आणि रिलीज बिल्डमध्येच जागोजागी प्रिंट टाकत बसतात. वापरताच येत नाही इतका संथ डीबग बिल्ड नसल्यातच जमा आहे, आणि त्यामुळे चुका शोधायला लागणारा वेळ खूप वाढतो. हे मुकाट सोसायची गरज नाही. या संथपणाचं मोठं कारण नेमकं सांगता येतं आणि त्यावर इलाजही आहेत. (कमांड आणि पर्याय इथे देवनागरीत लिहिले आहेत, टर्मिनलवर ते नेहमीसारखे रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

आधी एक गैरसमज दूर करू. डीबग माहिती आणि ऑप्टिमायझेशन (कंपायलरनं कोड वेगवान करणं) या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. -जी हा पर्याय दिला की कुठली सूचना सोर्सच्या कुठल्या ओळीतून आली आणि कुठलं व्हेरिएबल कुठे ठेवलंय, याची नोंद कंपायलर फाइलच्या वेगळ्या विभागात करतो. प्रोग्रॅम चालताना प्रोसेसर त्या विभागाकडे फिरकतही नाही. फाइल फुगते, लिंकिंगला जास्त वेळ लागतो, पण चालण्याचा वेग तोच राहतो. रखडवतो तो -ओ०, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद. जीसीसी आणि क्लँग या कंपायलरांना वेगळं काही सांगितलं नाही तर तेच लागू होतं. सीमेक या बिल्ड साधनात बिल्ड टाइप रिकामा ठेवला तर सीमेक स्वतःहून ना -ओ२ (ऑप्टिमायझेशन चालू) देतो ना -जी. अशा बिल्डला वेगही नसतो आणि डीबगरला माहितीही मिळत नाही. बिल्ड संथ वाटला तर पहिल्यांदा हेच तपासा.

आता एक उदाहरण घेऊ. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातल्या गाळ्यांसाठी वजनाच्या पावत्यांचा प्रोग्रॅम लिहायचाय असं समजा. एका व्हेक्टरमध्ये (सलग यादीत) २० लाख गोण्यांची वजनं किलोमध्ये आहेत आणि त्यांची बेरीज करायची आहे. सी++ मध्ये हे रेंज-फॉर लूपनं दोन ओळींत होतं: गोण्यांमधलं प्रत्येक वजन घे, बेरजेत मिळव.

या दोन ओळींत फंक्शन कॉल लिहिलेला दिसत नाही. पण लूपच्या प्रत्येक फेरीला तीन कामं होतात. इटरेटर (यादीत आपण कुठे आहोत ते दाखवणारी खूण) शेवटाला पोचला का ते तपासायचं, त्याच्या जागेवरचं मूल्य वाचायचं, आणि त्याला एक पाऊल पुढे सरकवायचं. ही तिन्ही कामं म्हणजे तीन फंक्शनं. जीसीसी १२ च्या स्टँडर्ड लायब्ररीत, सी++१७ मध्ये, शेवट तपासणारं फंक्शन दोन्ही इटरेटरांच्या आतला पॉइंटर मिळवायला आणखी एक फंक्शन दोनदा बोलावतं. म्हणजे फेरीला ५ कॉल. २० लाख गोण्यांसाठी हिशेब १ कोटी कॉलवर जातो, आणि मिळवायच्या असतात फक्त २० लाख संख्या.

एका कॉलमध्ये काय काय होतं? ६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या लिनक्सवर पहिले सहा पूर्णांक किंवा पॉइंटर प्रोसेसरच्या रजिस्टरांतून पाठवले जातात. कॉलची सूचना परतीचा पत्ता, म्हणजे ८ बाइट, स्टॅकवर (चालू कॉलांच्या तात्पुरत्या मेमरीत) ठेवते आणि उडी मारते. बोलावलेलं फंक्शन जुना फ्रेम पॉइंटर जपून ठेवतं, स्वतःचा मांडतं, लागली तर स्टॅकवर जागा करतं. -ओ० असेल तर रजिस्टरांतून आलेली मूल्यं लगेच स्टॅकवर उतरवली जातात आणि पुन्हा तिथूनच वाचली जातात. मग एकदाचं खरं काम होतं, आणि शेवटी सगळा पसारा आवरून परत जायचं. पॉइंटर ४ बाइटनी पुढे सरकवायला एक बेरीज पुरते, पण तिच्या आगेमागे चांगल्या दहाएक सूचना खर्ची पडतात. नमनालाच घडाभर तेल!

इनलाइनिंग म्हणजे बोलावलेल्या फंक्शनचं अंग थेट बोलावणाऱ्याच्या जागी बसवणं. ट्रकमधून उतरणारी प्रत्येक गोणी माथाडी कामगारानं बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या काट्यावर न्यायची, वजन करून परत यायचं आणि मग पुढची उचलायची, अशी रीत असेल तर दिवस चालण्यातच जाईल. काटाच ट्रकजवळ आणला की ती खेप संपते. बहुतेक लेख इथेच थांबतात, आणि म्हणून इनलाइनिंगची किंमत कमी लेखली जाते. कॉल आणि परतीचा खर्च हा फायद्याचा लहान भाग आहे. आजच्या प्रोसेसरवर अंदाज बरोबर निघालेला एक कॉल तसा स्वस्तच असतो.

मोठा फायदा वेगळा आहे. फंक्शनची भिंत पडली की कंपायलरला दोन्हीकडचा कोड एकत्र दिसतो. इटरेटर म्हणजे शेवटी एक साधा पॉइंटर आहे हे त्याला कळतं, बेरीज मेमरीत ठेवायची गरज नाही हेही कळतं, आणि दोन्ही रजिस्टरमध्येच राहतात. पुढे क्लँगमध्ये -ओ२ ला किंवा जीसीसीत -ओ३ ला तो लूप व्हेक्टर सूचनांमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक मूल्यांवर काम करणाऱ्या सूचनांमध्ये, बदलतो. ६४ बिट इंटेल-एएमडी प्रोसेसरांवर हमखास मिळणाऱ्या एसएसई२ मध्ये एका सूचनेत ४ पूर्णांक मिळवता येतात. काटा ट्रकशेजारी आला म्हणून चार गोण्या एकदम ठेवायची सोय झाली. काटा दूर होता तोवर ही युक्ती कुणाला सुचणंही शक्य नव्हतं. इनलाइनिंग हे इतर बहुतेक ऑप्टिमायझेशनांचं दार आहे, आणि -ओ० ला ते दारच बंद असतं.

-ओ० इतका अडून का बसतो

कंपायलर मुद्दाम आडमुठेपणा करत नसतो. -ओ० ला जीसीसी प्रत्येक विधान दुसऱ्यापासून स्वतंत्र ठेवतो. कुठल्याही दोन ओळींच्या मध्ये थांबा, डीबगरमधून कुठल्याही व्हेरिएबलचं मूल्य बदला, हवं तर त्याच फंक्शनमधल्या दुसऱ्या ओळीवर उडी मारा, आणि सोर्स वाचून जे अपेक्षित आहे तेच घडेल. हे जपायचं तर प्रत्येक ओळ संपताना प्रत्येक व्हेरिएबल मेमरीत त्याच्या ठरलेल्या जागी असलं पाहिजे. म्हणून दर ओळीला वाचा, बदला, परत ठेवा.

याचा एक दुष्परिणाम सहसा लक्षात येत नाही. नुकतंच स्टॅकवर ठेवलेलं मूल्य लगेच परत वाचायला बऱ्याच प्रोसेसरांवर साधारण ४ ते ५ सायकल (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात. तेच रजिस्टरमध्ये राहिलं असतं तर बेरीज १ सायकलमध्ये झाली असती. लूपमध्ये प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या बेरजेसाठी थांबते, त्यामुळे ही वाट पाहणं साखळीसारखं लांबत जातं. म्हणून -ओ० ला हातानं इनलाइन केलेला, कॉलच नसलेला लूपसुद्धा संथच राहतो. डीबग बिल्डच्या रखडण्याची ही दोन वेगळी कारणं आहेत: इनलाइन न झालेले कॉल, आणि मेमरीत अडकलेली व्हेरिएबलं. इलाज निवडताना आपण यातलं कुठलं कारण दूर करतोय ते लक्षात ठेवा.

सी++ चा इनलाइन हा शब्द इथे कामी येत नाही. आज त्याचा मुख्य अर्थ एवढाच की हे फंक्शन अनेक फाइलींमध्ये लिहिलेलं असलं तरी लिंकरनं तक्रार करू नये. -ओ० ला जीसीसी आणि क्लँग या शब्दाकडे पाहून इनलाइन करत नाहीत. दोघंही ऑलवेज-इनलाइन हे अॅट्रिब्यूट मात्र -ओ० लासुद्धा पाळतात. व्हिज्युअल सी++ मधलं फोर्सइनलाइन तेवढं समर्थ नाही. डीबगमध्ये /ओबी० लागू असतं आणि तेव्हा तेही निष्प्रभ ठरतं.

डीबग बिल्डवर मोजमाप करू नका

सी++ चं सॉर्ट आणि सी चं क्यूसॉर्ट या यादी क्रमानं लावणाऱ्या फंक्शनांची तुलना घ्या. रिलीजमध्ये सॉर्ट सहसा जिंकतं. ते टेम्प्लेट (टाइपनुसार कोड तयार करणारा साचा) आहे, त्यामुळे तुलनेचं लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेलं छोटं फंक्शन) आत इनलाइन होतं. क्यूसॉर्टला मात्र तुलनेचं फंक्शन पॉइंटरमधून बोलवावं लागतं. २० लाख नोंदी लावायला सुमारे ४ कोटी तुलना होतात, म्हणजे तेवढेच कॉल. डीबगमध्ये चित्र सहज उलटतं. सॉर्टचा सगळा कोड टेम्प्लेटमधून तुमच्याच फाइलमध्ये तयार होतो आणि -ओ० नं कंपाइल होतो. क्यूसॉर्टचा गाभा सिस्टिमच्या सी लायब्ररीत आधीच ऑप्टिमाइझ होऊन बसलेला असतो. आकडे डीबग बिल्डवर घेऊन कुणी ‘क्यूसॉर्ट बरं’ असा निष्कर्ष काढला तर तो साफ चुकीचा. टेम्प्लेटचा कोड तुमच्या फाइलमध्ये, तुमच्याच पर्यायांनी कंपाइल होतो, हे मनात पक्कं ठेवा. पुढच्या निम्म्या अडचणी त्यातूनच येतात.

इलाज

आमच्या मते लिनक्सवर सगळ्यात उपयोगी रीत अशी: पूर्ण प्रोजेक्ट -ओ२ -जी नं बांधा आणि ज्या एकदोन फाइलींत चूक असल्याचा संशय आहे तेवढ्याच -ओ० ठेवा. सीमेकमध्ये रेल-विथ-डेब-इन्फो हा बिल्ड टाइप जीसीसी-क्लँगला -ओ२ -जी देतो आणि सोबत एनडीबगही लावतो. एनडीबग लागलं की सगळे असर्ट (कोडमधल्या तपासण्या) गायब होतात. डीबगिंगच्या वेळी ते हवे असतात, म्हणून या बिल्ड टाइपच्या पर्यायांतून एनडीबग काढून टाका. मग संशयित फाइलच्या कंपाइल पर्यायांत -ओ० जोडा. कमांड लाइनवर नंतर येणारा -ओ आधीच्यावर मात करतो. एखादंच फंक्शन हवं असेल तर क्लँगमध्ये ऑप्टनन हे अॅट्रिब्यूट आहे आणि व्हिज्युअल सी++ मध्ये ऑप्टिमाइझ प्रॅग्मा. उलट दिशेनं, -ओ० च्या फाइलमध्ये जीसीसीचं ऑप्टिमाइझ अॅट्रिब्यूट लावून एखादं फंक्शन वेगवान करण्याचा मोह टाळा. ते फक्त डीबगिंगसाठी आहे, प्रॉडक्शन कोडसाठी योग्य नाही, असं जीसीसीच्या मॅन्युअलमध्येच म्हटलंय.

सगळाच कोड डीबगरमध्ये चालवायचा असेल तर -ओजी पाहा. जीसीसी ४.८ पासून तो आहे आणि डीबगिंगला त्रास देणारी ऑप्टिमायझेशनं टाळून बाकीची करतो. तरी अधूनमधून एखाद्या व्हेरिएबलपुढे ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’ दिसणारच. त्या क्षणी ते मूल्य कुठेच साठवलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. क्लँगमध्ये मात्र -ओजी म्हणजे जवळपास -ओ१ च, त्यामुळे त्याच्याकडून जीसीसीइतकी अपेक्षा ठेवू नका.

काही कॉल असे असतात की त्यांच्यात शिरून पाहण्यात कुणालाच रस नसतो. मूव्ह आणि फॉरवर्ड ही फंक्शनं फक्त टाइप बदलतात, तरी -ओ० ला वर्षानुवर्षं त्यांचे खरेखुरे कॉल होत राहिले. क्लँग १५ पासून कंपायलर त्यांना स्वतःमध्येच सामावून घेतो, अगदी -ओ० लासुद्धा. जीसीसी १२ मध्ये यासाठी -एफफोल्ड-सिंपल-इनलाइन्स हा पर्याय आला. इनलाइनिंग बंद असताना तो आपोआप लागत नाही, म्हणून -ओ० सोबत तो हातानं लिहावा लागतो. एका शब्दाचा बदल आहे, जरूर करा. डीबगरमध्ये पाऊल टाकताना लायब्ररीच्या फंक्शनांत शिरायला होत असेल तर जीडीबी या डीबगरमध्ये ‘स्किप -आरएफयू ^एसटीडी::’ द्या. यानं वेग वाढत नाही, पण मनस्ताप वाचतो.

स्वतःच्या कोडमधल्या एका ओळीच्या गेटरला किंवा छोट्या गणिती ऑपरेटरला ऑलवेज-इनलाइन लावायला हरकत नाही. पण वर सांगितलेलं दुसरं कारण आठवा. -ओ० ला कॉल गेला तरी त्याच्या आतली व्हेरिएबलं मेमरीतच राहतात. फायदा होतो, पण रिलीजइतका नाही. मोठ्या फंक्शनांवर हे अॅट्रिब्यूट सरसकट लावलंत तर कंपायलरचा विवेकच काढून घेतल्यासारखं होतं.

विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओच्या डीबग बिल्डमध्ये इनलाइनिंग बंद असणं हे एकच दुखणं नाही, तिथे ओझ्यावर ओझं असतं. इटरेटर डीबग लेव्हल २ असते, म्हणजे इटरेटर वैध आहे का याची तपासणी सतत होते. /आरटीसी१ स्टॅकवर पहारा ठेवतो. जस्ट माय कोड, म्हणजे /जेएमसी, तुमच्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आणखी एक छोटा कॉल घालतो! हाच क्रम उलटा लावून हलकं करत या: आधी /जेएमसी बंद, मग /ओबी१ चालू, म्हणजे इनलाइन म्हणून लिहिलेली आणि क्लासच्या आत लिहिलेली फंक्शनं इनलाइन होतील. तरी भागलं नाही तर इटरेटर लेव्हल ० करा. ती मात्र प्रोजेक्टशी लिंक होणाऱ्या प्रत्येक सी++ लायब्ररीत सारखीच हवी, नाहीतर लिंकर एलएनके२०३८ ही चूक दाखवून थांबतो. आणि तो थांबतो हे बरंच आहे. कारण लेव्हल बदलली की व्हेक्टरची मेमरीतली रचनाच बदलते, आणि न सांगता लिंक झालं असतं तर प्रोग्रॅम भलतीकडेच कोसळला असता. व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या १७.१४ आवृत्तीपासून /डायनॅमिकडीऑप्ट हाही पर्याय आहे. प्रोग्रॅम ऑप्टिमाइझ्डच चालतो, आणि ब्रेकपॉइंट लावलेल्या फंक्शनची बिनऑप्टिमाइझ प्रत ऐनवेळी वापरली जाते. ६४ बिट इंटेल-एएमडी बिल्ड असेल तर आधी हेच करून पाहा.

रस्टमध्ये सोय जास्त सुटसुटीत आहे. कार्गो.टॉमलमध्ये प्रोफाइल.डेव्हखाली ऑप्ट-लेव्हल १ ठेवा, आणि प्रोफाइल.डेव्ह.पॅकेज."*" या विभागात ऑप्ट-लेव्हल ३. यामुळे बाहेरून आणलेली सगळी क्रेट (रस्टची पॅकेजं) एकदाच वेगवान कंपाइल होऊन साठवली जातात आणि रोज बदलणारा तुमचा कोड डीबगरला सोपा राहतो. पहिला बिल्ड लांबतो, पुढचे नाही. पण जेनेरिक फंक्शन दुसऱ्या क्रेटचं असलं तरी ज्या क्रेटमध्ये ते प्रत्यक्ष टाइपसह वापरलं जातं तिथे तयार होतं, म्हणून त्याला लेव्हल तुमची लागते. सी++ च्या सॉर्टचीच ही गोष्ट. म्हणून फक्त क्रेटांची लेव्हल वाढवून इटरेटरांनी भरलेला कोड फारसा हलत नाही. तुमच्या क्रेटलाही निदान १ द्यावंच लागतं.

गोमध्ये उलटं आहे. साधा गो बिल्ड ऑप्टिमाइझ्डच असतो. डीबगरसाठी -जीसीफ्लॅग्ज मध्ये ‘ऑल=-एन -एल’ देऊन ऑप्टिमायझेशन आणि इनलाइनिंग मुद्दाम बंद करावं लागतं. कुठलं फंक्शन इनलाइन होऊ शकतं ते -जीसीफ्लॅग्ज=-एम दिलं की कंपायलर स्वतःच छापतो.

मग सगळंच इनलाइन का नको

कारण प्रत्येक प्रत जागा खाते. अनेक प्रोसेसरांत सूचनांची पहिली कॅश एका कोरला ३२ केबी असते, आणि गरम लूप तिच्यात मावला नाही तर वाचवलेलं सगळं परत जातं. म्हणून कंपायलर हिशेब मांडतात. क्लँग -ओ२ ला साधारण प्रत्येक सूचनेला ५ गुण धरतो आणि एकूण किंमत २२५ च्या आत असेल तर इनलाइन करतो. गोचं बजेट ८० आहे, तेही कोडच्या झाडातल्या गाठींमध्ये मोजलेलं. क्वचित लागणारा चूक-हाताळणीचा कोड वेगळ्या फंक्शनमध्ये काढून त्याला नोइनलाइन लावलं तर मुख्य रस्ता सडपातळ राहतो. स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये ४ केबी बफर असलेलं फंक्शन इनलाइन झालं तर प्रत्येक पातळीवर ते ४ केबी स्टॅकवर चढतात. डीबगमध्ये नीट चालणारा प्रोग्रॅम रिलीजमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो होतो तेव्हा हे तपासायला विसरू नका.

आता -ओ० आणि -ओ२ च्या फाइली एकत्र लिंक करतानाचा एक सापळा. व्हेक्टरचं पुश-बॅक दोन्ही फाइलींत वापरलंय असं धरा. -ओ० च्या फाइलमध्ये त्याची एक संथ प्रत तयार होते. -ओ२ च्या फाइलमध्ये ते सगळीकडे इनलाइन झालं नाही तर तिथेही एक वेगवान प्रत उरते. दोघींचं नाव एकच, म्हणून लिंकर एकच ठेवतो, साधारणपणे जी आधी भेटली ती. ती -ओ० ची निघाली तर ऑप्टिमाइझ केलेली फाइलसुद्धा संथ प्रतच बोलावत बसते. एक फाइल -ओ० केली आणि प्रोजेक्टचा भलताच कोपरा संथ झाला तर हेच पाहा. ऑब्जेक्ट फाइलींवर एनएम -सी (आतल्या फंक्शनांची नावं दाखवणारी कमांड) चालवा. ज्या फंक्शनपुढे डब्ल्यू अक्षर दिसतं ती अशी दुबार प्रतींची फंक्शनं. लिंक झालेल्या प्रोग्रॅममध्ये त्या फंक्शनचा असेंब्ली कोड उघडा. रजिस्टरांतून आलेली मूल्यं पहिल्याच काही ओळींत स्टॅकवर ठेवली जात असतील तर संथ प्रत जिंकली आहे. -ओ० ची फाइल लिंक कमांडमध्ये शेवटी टाका, बहुतेक वेळा तेवढ्यानं भागतं.